नाही म्हणायची शिकवणी

मरणाला टेकलेल्या माणसाची सोबत करायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा अर्धा तास चुकीच्या माणसाचा हात धरून बसलो.

नाव-पत्त्याची चिठ्ठी दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिली होती. डोक्यात उरलं होतं ते एवढंच: कामठ्याच्या पलीकडचं गाव, पाण्यानं भरलेल्या बोडीच्या काठचं कवेलूच्या छपराचं घर, म्हातारं माणूस, पोटात गाठ. घर बरोबर सापडलं. अंगणात एक दणकट बाई सुपानं धान पाखडत होती आणि ओसरीत खाटेवर एक म्हातारा पडला होता. असा वाळलेला, की चादरीखाली माणूस आहे की चादरीचीच घडी पडली आहे, हे जवळ गेल्यावर कळावं. मी बाईंना आवाज खाली घेऊन म्हणालो, "बाई, मी गोंदियाहून आलो. पेशंटजवळ बसतो थोडा वेळ. तुम्ही तुमचं काम करा, तुम्हालाही तेवढाच विसावा."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बसा ना."

मी बसलो. आम्हाला शिकवलं होतं की पेशंटचा हात हातात घ्यावा, सल्ला देऊ नये, 'सगळं ठीक होईल' असं तर अजिबात म्हणू नये, साधे प्रश्न विचारावेत आणि ऐकावं. मी हात हातात घेतला.

"त्रास होतो?"

"हो."

"झोप लागत नाही?"

"हो."

"कधी भीती वाटते मनात?"

म्हातारा जरा थांबला. पाहुण्याचा आग्रह मोडू नये म्हणून आणखी एक पोळी घ्यावी, तशा चेहऱ्यानं म्हणाला, "हो."

माझे डोळे भरून आले. पहिल्याच दिवशी इतकं मोकळं बोलणारा पेशंट मिळाला, याचा मला अभिमानही वाटला. मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. त्यानं तोही फिरवू दिला. शेवटी बाई सूप बाजूला ठेवून, हात झटकत ओसरीत आल्या आणि म्हणाल्या, "झालं का बाबू? मंग आता माहा बी हात धरा थोडासा. कॅन्सर मले हाय."

सगळी नोकरी मी गोंदियाच्या स्टेशनावर पार्सलच्या खिडकीत काढली. ज्याचं पार्सल त्याच्याच हातात द्यायचं, एवढं एकच काम आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोला भाजी कशी चिरावी हे सांगू लागलो, तेव्हा तिनंच मला या गटात नेऊन घातलं. ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले अशांच्या घरी जायचं, बसायचं, घरच्यांना थोडी उसंत द्यायची, असं आमचं काम. बायकोचा हिशेब साधा होता: तिथं तरी हा माणूस गप्प बसेल.

मी म्हाताऱ्याकडे वळून म्हणालो, "मग तुम्ही कशाला 'हो हो' म्हणत होतात?"

तो उठून बसला आणि सरळपणे म्हणाला, "तुमी इचारून राहिले होते ना."

हे डोमाजी, बाईंचे यजमान. आणि ज्या तोंडाला पदर लावून इतक्या हसत होत्या की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला, त्या देवकाबाई.

देवकाबाईंसारखा पेशंट आमच्या शिकवणीत कुठं बसत नव्हता. त्या आतल्या खोलीत झोपायला तयार नसत. बसून करता येईल ते सगळं काम त्या करत. सूप, पाटा, लाखोळीची डाळ निवडणं. दुखू लागलं की हातातलं काम थांबे, दोन्ही हातांनी खाटेच्या कडेची पाटी धरत, आणि कळ ओसरली की अर्धं सोडलेलं वाक्य तिथूनच पुढं उचलत. अशा वेळी समोरच्यानं चेहरा पाडलेला त्यांना खपत नसे. "मरनार मी हाय," त्या म्हणत, "तोंड तुमी कायले उतरवून राहिले?"

दातांना लावायच्या तंबाखूची, गुडाखूची त्यांना जुनी सवय. बोटानं दातांवर घासत तास तास बसत. एकदा माझ्यातला सल्लागार जागा झाला. म्हणालो, "बाई, हे गुडाखू बरं नाही हो."

बोट तोंडातच ठेवून त्यांनी विचारलं, "काऊन? कॅन्सर होईल?"

भेटायला येणाऱ्यांचा त्यांना फार जाच. बाया केळी घेऊन येत, आणि अमक्या गावच्या तमकीला हाच आजार होता, ती कशी कशी गेली, ते रंगवून सांगत. देवकाबाई मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, "गाठ कळल्यावर ते किती टिकली?" उत्तर मिळालं की म्हणत, "मंग माहा नंबर वरचा हाय." बाया गडबडून उठत. केळी डोमाजींच्या वाट्याला येत. आवडतात का, असं विचारलं तर म्हणत, "हो." पण खाताना ते सुखी दिसत नसत.

इथंच सगळी गोम होती. डोमाजींनी आयुष्यात कुणाला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. फेरीवाला आला की ते घेत. घरात एका जातीच्या पाच छत्र्या होत्या. निवडणुकीत ते प्रत्येकाला मत द्यायचं कबूल करत, आणि मग कुणावर अन्याय नको म्हणून त्या दिवशी शेतावर जाऊन बसत. जन्मभर त्यांच्या वाट्याचं 'नाही' देवकाबाईंनीच म्हटलं. घरात दोन माणसं, आणि कामं अशी वाटून घेतलेली.

माझ्या तिसऱ्या-चौथ्या खेपेला बाईंनी मला घरामागच्या सांदवाडीत नेलं. वालाच्या मांडवाखाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाबू, मले एक सांगा. पार्सलवर चिठ्ठी चिपकवली, का ते जथी धाडलं तथी जाते?"

"जातं."

"अना तथी कोनी घ्यायले आलंच नाही त?"

"पडून राहतं स्टेशनात."

त्यांनी मान हलवली. त्यांचा मुलगा प्रकाश नागपूरला. पोरगा मायाळू, सूनही चांगली. पण राहणं तिसऱ्या माळ्यावर, आणि दोघंही सकाळी कामावर निघतात. "मी मेली का प्रकाश येईल, मनेल 'चाला बाबा', अना हे मनतीन 'हो'. मंग तथी कपाटावानी बसून राहतीन दिवसभर. कोनी इचारलं 'बरं वाटते का', त मनतीन 'हो'."

"त्यांना जायचं नाही, असं तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"तेच त." बाईंचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "मी इचारलं, अथी राहाल का? मने, हो. मंग इचारलं, नागपूरले जाल का? मने, हो. या मानसाले काय पायजे हाय, ते मलेच माहीत नाही. जाऊ द्या बाबू, मले पाहाले आले, तवा बी यांच्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाय का. मने, हो." त्यांनी वालाची एक शेंग तोडली आणि उगाच सोलली. "आता कोन सांगावं, का पाचवी छत्रीच होती."

यावर काय बोलावं हे आम्हाला शिकवलेलं नव्हतं. मी गप्प बसलो. आमच्या गटातलं माझं तेवढंच एक यशस्वी गप्प बसणं.

मग त्यांनी बेत सांगितला. जिवात जीव आहे तोवर त्यांना डोमाजींना 'नाही' म्हणायला शिकवायचं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी मागणारा हवा होता. गावातल्या माणसाला हे सांगता येत नाही. तो खरंच घेऊन जाईल. म्हणून मी. दर मंगळवारी यायचं आणि डोमाजींना काहीतरी मागायचं. "तुमी बरे हाव या कामाले," त्या म्हणाल्या. "तुमाले समोरच्याचं तोंड पाहून काईच समजत नाही."

पहिल्या मंगळवारी मी कोहळा मागितला. डोमाजी म्हणाले, "न्या ना," आणि स्वतः पिशवीत घालून दिला. दुसऱ्या मंगळवारी रेडिओ. "न्या." पुढं सायकल, हवा कमी होती म्हणून त्यांनी ती भरून दिली. मी सगळं घरी न्यायचो आणि पुढच्या खेपेला बाईंच्या हवाली करायचो. मी सायकलवरून जाताना आमच्या गटाच्या मॅडमनी पाहिलं. पेशंटच्या घरचा चहासुद्धा घेऊ नये, असा आमचा नियम. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटू लागलं.

कोंबड्याच्या बाबतीत मात्र घात झाला. लाल, तुरेबाज कोंबडा होता. मी तो घरी टोपलीखाली ठेवला आणि बायकोला काही सांगायचं राहिलं. संध्याकाळी फिरून आलो तर घरात सुरेख वास सुटला होता. पुढच्या मंगळवारी बाजारातून दुसरा घेऊन गेलो. पांढरा मिळाला.

देवकाबाईंनी त्या कोंबड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओसरीकडे तोंड करून हाक दिली, "अवो, हा आपलाच कोंबडा होय का?"

डोमाजींनी वळूनही न पाहता सांगितलं, "हो."

"बाबू," बाई मला म्हणाल्या, "मोठा होता, नाही? रस्सा पुरला का सगळ्यायले?"

त्यांच्या घरावरून दिवसभर लहान विमानं घिरट्या घालायची. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं. धावपट्टीला टेकतात न टेकतात तोच पुन्हा उठतात, पुन्हा एक वळसा, पुन्हा टेकणं. बाईंना त्या विमानांचं भारी कौतुक. खाटेवरून बोट वर करून त्या नवऱ्याला म्हणत, "पाहा, ते पोट्टे तेवढ्या वर जाऊन शिकून राहिले. तुमाले खाटेवर बसून एक 'नाही' नाही मनता येत?"

"हो," डोमाजी म्हणत.

मी आपल्या बुद्धीनं एकदा थेट टोकालाच गेलो. म्हटलं, अडचणीचं मागावं, म्हणजे आपोआप 'नाही' निघेल. "डोमाजी, घरावरचे कवेलू देता का? मला लागतात."

त्यांनी छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठता उठता म्हणाले, "शिडी आनतो."

ते शिडी आणायला खरंच गेले, तेव्हा देवकाबाई हसल्या नाहीत. दोन्ही हातांनी खाटेची पाटी धरून बसून राहिल्या. दुखणं होतं की दुसरं काही, ते मला समोरच्याचं तोंड पाहून समजलं नाही.

धान विकून झालं, थंडी सरली, मोहाची फुलं टपटपायला लागली, तशा बाई ओसरीतल्या खाटेला खिळल्या; पहिल्या दिवशी डोमाजी झोपले होते, बरोबर त्याच जागी. दणकट अंग उतरलं होतं. सूप सुटलं, पाटा सुटला, गुडाखूचा डबा उशाशी नुसता पडून असे. डोमाजी पेज करायला शिकले होते. दोन चमचे पाजत, पदरानं तोंड पुसत. कुणी न सांगता सगळं करत. मी जायचो, पण आता काही मागायचो नाही. बाईंच्या लक्षात आलं. "मांगा ना," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "शिकवनी काऊन बंद केली?" मी म्हणालो, "आज काही सुचलं नाही." त्या म्हणाल्या, "तुमाले कवा सुचलं होतं?"

त्या दुपारी विमानं उडत नव्हती. डोमाजी पायथ्याशी बसून त्यांचे तळपाय चोळत होते. बाई बराच वेळ डोळे मिटून पडल्या होत्या. मग डोळे न उघडताच, शेजारी कुणाकडे हळदीकुंकवाला निघाल्यासारखं, सहज म्हणाल्या, "मंग जाऊ का मी?"

"नाही," डोमाजी म्हणाले.

त्यांचे हात थांबले नव्हते. आपण काय बोललो, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. देवकाबाईंनी डोळे उघडले. आधी छपराकडे पाहिलं, मग मान वळवून त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, साक्षीदार आहे ना हे पाहावं तसं. आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला लागला. मी पाणी आणायला धावलो आणि तांब्या सांडला. बाईंनी हातानंच मला थांबवलं.

"आइकलं का बाबू," त्या म्हणाल्या. "जलमभर कोनाले नाही मनलं नाही. अना मनलं त ज्यात यांचं काईच चालत नाही, त्यात."

डोमाजी खाली मान घालून पुन्हा तळपाय चोळू लागले. कान लाल झाले होते. बाई त्यांच्या टकलाकडे पाहत होत्या. "चाला," थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाल्या, "एक त समजलं."

मी निघालो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. आपल्या तेरवीला प्रकाश नागपूरचं बोलणं काढेल, तेव्हा मी तिथं असावं, अशी त्यांची इच्छा होती. "तुमी नुसते बसजा यांच्या बाजूले. बोलजा नका. तुमाले हात जोडतो, तोंड उघडजा नका." अंगणात येऊन वळून पाहिलं, तर त्या उशाशी चाचपडत होत्या. डोमाजींनी गुडाखूचा डबा उघडून त्यांच्या बोटापुढे धरला. त्यांनी बोट बुडवलं, आणि माझ्याकडे पाहत, मुद्दाम, दाताला लावलं.

पुढचा मंगळवार त्यांनी पाहिला नाही.

तेरवीची पंगत उठली, पाहुणे पांगले. ओसरीत डोमाजी, मी आणि प्रकाश उरलो. प्रकाश खरंच गुणी मुलगा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. बापाचा हात धरून म्हणाला, "बाबा, इथं एकटं कसं राहाल? चला माझ्यासोबत. खोली तयार केली आहे." डोमाजींचा ओठ हलला, आणि मला वाटलं, आलंच आता ते 'हो'.

प्रकाश माझ्याकडे वळला. "काका, आईचा तुमच्यावर भरवसा होता. तुम्हीच सांगा. कधी पडले-झडले, तर कोण आहे इथं? माझं काही चुकतं का?"

आता यात मी काय करायचं होतं? गप्प बसायचं होतं. तेवढंच सांगितलेलं होतं. पण पोरगा इतका नीट बोलत होता, त्याचा आवाज असा कापत होता, आणि म्हणत होता त्यात चूक काही नव्हती. माझं तोंड उघडलं. "नाही नाही, तुझं बरोबर आहे," मी म्हणालो. "डोमाजी, मी म्हणतो, थोडे दिवस जाऊन तर या. हवापालट होईल."

बोलून झाल्यावर मला ते हात जोडणं आठवलं.

"नाही," डोमाजी म्हणाले.

प्रकाशला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. "काय नाही, बाबा?"

"मी येत नाही. मले अथी राहाचं हाय." आणि मग, एकदा दार उघडलंच आहे तर आणखी थोडं उघडावं म्हणून की काय, त्यांनी पुढं घातलं, "अना अथी कोनी केळी बी नोको आनत जाऊ. मले आवडत नाही."

प्रकाश बापाकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याला बापाच्या दोन आवडीनिवडी एकाच वेळी कळल्या होत्या. त्यानं बापाचा हात सोडला नाही, नुसतं "बरं बाबा" म्हणाला, आणि पुन्हा रडायला लागला. पण आता थोडं हसत.

डोमाजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. संध्याकाळचं शेवटचं विमान बोडीवरून वळून बिरसीकडे उतरत होतं. पांढरा कोंबडा कुंपणावर बसला होता. मी सैलावलो होतो. या यशात माझाही थोडा वाटा धरायला हरकत नाही, असं मला वाटू लागलं होतं. म्हणालो, "पाहा डोमाजी, बाईंची आणि माझी मेहनत कामी आली म्हणायची."

"नाही," डोमाजी म्हणाले.

त्यांना ते आता जमलंच होतं. फाटकाची कडी लावत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"प्रकाशची माय मनत होती," ते म्हणाले, "का मी त 'नाही' मनाले शिकून जाईन. पन या पार्सलबाबूवर कोनी बी चिठ्ठी चिपकवते, अना कोठी बी धाडते."